सेगवेवरून पाहिलेलं जंगल आणि त्याखालची वाळू

लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असाल तर एकदम योग्य जागी आहात, कारण आजच्या भागातली सगळी सफर उभ्यानेच झालेली आहे. अडीच तास, दोन चाकांवर, उभ्याने.

तर झालं असं की फेब्रुवारीत मी ताईकडे गेले होते. ताई आणि जिजू फ्रीमाँटला राहतात, सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर. जिजूंनी आधीच बुकिंग करून ठेवलेलं: गोल्डन गेट पार्कमधली गाइडबरोबरची सेगवे टूर. जाहिरातीत लिहिलेलं, निसर्ग सफर. बागा, तळी, बोटॅनिकल गार्डन आणि शेवटी पॅसिफिक महासागर. मी म्हटलं, निसर्ग बघायला मोटरवर उभं कशाला राहायचं? ताई म्हणाली, "पार्क पाच किलोमीटर लांब आहे. चाल तू. आम्ही पुढे जाऊन कॉफी पितो." विषय संपला.

आधी सेगवेबद्दल सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती फक्त मॉलमधल्या सिक्युरिटीवाल्याच्या पायाखाली पाहिली असेल. किंवा २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी वरळी सी फेसला गस्तीसाठी आणल्या होत्या, तेव्हा रील्समध्ये. दोन मोठी चाकं शेजारी शेजारी, मध्ये पाय ठेवायला पाट्याएवढी जागा आणि समोर दांडा. ॲक्सिलरेटर नाही, ब्रेक नाही. पुढे झुकलात की पुढे जाते, मागे रेललात की थांबते. आत जायरोस्कोप आणि कलण्याचा अंदाज घेणारे सेन्सर असतात. तुमचा तोल किती ढळला हे ती सेकंदाला साधारण शंभर वेळा तपासते आणि चाकं तेवढीच पुढेमागे करते. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण स्थिर उभे आहोत. खरं तर ती गाडी प्रत्येक क्षणी पडता पडता सावरत असते. बॅटरी काढा, जागच्या जागी आडवी होते.

डीन केमन नावाच्या संशोधकाने ती ३ डिसेंबर २००१ ला जगासमोर आणली, तेव्हा असा गाजावाजा होता की शहरं आता हिच्याभोवती नव्याने बांधावी लागतील. झालं उलटंच. सॅन फ्रान्सिस्कोने तर २००२ मध्येच, म्हणजे दुकानात यायच्या आधीच, फुटपाथवर बंदी घालून टाकली. जवळजवळ एकोणीस वर्षांत जगभरात फक्त एक लाख चाळीस हजारांच्या आसपास खपल्या आणि जुलै २०२० मध्ये मूळ मॉडेलचं उत्पादन बंद झालं. उरल्या त्या बऱ्याचशा अशा टूरवाल्यांकडे. मला याची गंमत वाटते. जी गाडी शहर बदलणार होती, ती शेवटी पाहुण्यांना बाग दाखवायला उरली.

पहिली वीस मिनिटं एका रिकाम्या जागेत सराव. वजनाची अट असते, साधारण पंचेचाळीस किलोच्या वर आणि एकशे अठराच्या खाली. कमी वजन असेल तर मागे रेलूनही गाडी नीट थांबत नाही. जिजूंनी वजनाच्या रकान्यात काय लिहिलं ते ताईने वाकून पाहिलं आणि फक्त "बरं" म्हणाली. आमची गाइड साठीच्या आसपासची बाई, डोक्यावर हेल्मेट, अंगात जाड जॅकेट. तिने सगळ्यांना एकच गोष्ट शिकवली: दांड्याकडे बघू नका, जिथे जायचंय तिकडे बघा. जाड जॅकेटचं कारण दहा मिनिटांत कळलं. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन अशी समजूत घेऊन कोणी जाणार असाल तर सांगते, समुद्राकडून येणारं धुकं भर जुलैतही हाडं गोठवतं. स्वेटर घ्या. आणि बूट मऊ तळाचे घाला, कारण उभं राहून राहून तळपाय आणि बोटं अशी काही भरून येतात की उतरल्यावर जमीन हलतेय असं वाटतं.

पार्कमधला जे. एफ. के. ड्राइव्ह हा मोठा रस्ता गाड्यांना बंद आहे. २०२० मध्ये कोरोनात बंद केला आणि २०२२ ला शहरात मतदान होऊन तो कायमचा चालणाऱ्यांचा झाला. त्यामुळे सेगवेवरून जाताना आवाजच नाही. मोटरचं बारीकसं गुणगुणणं, आणि वर झाडं. पहिल्यांदा डावी-उजवीकडे पाहिलं तेव्हा मला खरंच जंगलात आल्यासारखं वाटलं. वाऱ्याने एका बाजूला वळलेले मॉन्टेरी सायप्रस, उंच मॉन्टेरी पाइन, आणि साल सोललेले निळसर निलगिरी. होय, आपल्याकडे उटीला असतात तेच ऑस्ट्रेलियातले निलगिरी. कॉन्झर्व्हेटरी ऑफ फ्लॉवर्स हे पांढरं काचघर १८७९ पासून उभं आहे, त्याच्यासमोर आम्ही थांबलो, आणि तिथे गाइडने जे सांगितलं त्याने माझ्यासाठी टूरच बदलून गेली.

ती म्हणाली, आत्ता जे काही दिसतंय, त्यातलं जवळपास काहीच इथलं नाही.

म्हणजे बघा. १८७० मध्ये विल्यम हॅमंड हॉल नावाच्या तरुण इंजिनिअरने या जागेचा सर्व्हे केला, तेव्हा इथे वाळू होती. नुसती वाळू. समुद्रापासून आत कित्येक किलोमीटर सरकत्या वाळूच्या टेकड्या. लोक या भागाला बाहेरची जमीन म्हणायचे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा ऑल्मस्टेड, म्हणजे त्या काळातला बागांचा सर्वात मोठा माणूस, त्यालाही या शहरात मोठी झाडं उभी राहतील असं वाटत नव्हतं. हॉलने आधी वाळू धरायचे प्रयोग केले. गोष्ट अशी सांगतात की घोड्याच्या तोबऱ्यातले भिजलेले जव वाळूत सांडले आणि काही दिवसांत तिथे हिरवे कोंब दिसले. मग त्याने जव आणि लुपिन एकत्र पेरले. जव पटकन उगवून वाळू धरून ठेवायचे, तोवर सावकाश वाढणारं लुपिन मूळ धरायचं. समुद्राच्या बाजूला युरोपातलं किनाऱ्यावरचं गवत लावलं. वरून शहरातल्या रस्त्यांवरची घोड्यांची लीद आणून टाकली. तेव्हा घोडागाड्याच होत्या, त्यामुळे खताला तोटा नव्हता! त्यानंतर जॉन मॅक्लॅरेन नावाचा स्कॉटिश माळी आला आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, त्याने झाडं लावली. त्याला पुतळ्यांचा भयंकर राग. पार्कमध्ये कोणी पुतळा उभारला की तो आजूबाजूला अशी झुडपं लावायचा की दोन-चार वर्षांत पुतळा गायब. मला हा माणूस फार आवडला. आपल्या चौकाचौकांत असा एक माळी हवा होता.

आज हे पार्क १०१७ एकर आहे, सेंट्रल पार्कपेक्षाही मोठं. आणि ते सेगवेसारखंच उभं आहे. सतत सावरून. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून पाणी खेचत राहावं लागतं. पश्चिमेच्या टोकाला ज्या डच पवनचक्कीसमोर सगळे फोटो काढतात, ती शोभेसाठी बांधलेलीच नव्हती. १९०३ ची ती पवनचक्की जमिनीतलं पाणी ताशी तीस हजार गॅलन, म्हणजे लाखभर लिटरच्या वर, उपसून पार्कच्या मध्यावरच्या टेकडीकडे पाठवायची. पुढे विजेचे पंप आले. शंभर-सव्वाशे वर्षांची झाडं आता म्हातारी झालीत, वादळात कोसळतात, त्यांच्या जागी नवी लावावी लागतात. हे सगळं थांबवलं तर वाळू परत येईल. येईल काय, येतेच आहे. पण ते शेवटी.

बोटॅनिकल गार्डनच्या फाटकाशी सेगवे बाहेर लावाव्या लागल्या. आत सायकल, स्कूटर काही चालत नाही. मला बरंच वाटलं, पायांना सुट्टी. जवळपास पंचावन्न एकरांची ही बाग १९४० मध्ये लोकांसाठी उघडली, आणि फेब्रुवारीत तिथे जायचं कारण एकच: मॅग्नोलिया.

एक मोठं झाड. एकही पान नाही. आणि नागड्या फांद्यांवर जेवणाच्या ताटलीएवढाली गुलाबी फुलं. फक्त फुलं. खाली पाकळ्यांचा सडा. आमच्या ग्रुपमधले सगळे एकदम गप्प झाले. पाटी वाचली: मॅग्नोलिया कॅम्पबेलाय, हिमालय. दार्जिलिंग, सिक्कीम, नेपाळ, भूतान इथलं झाड. अमेरिकेत ही जात पहिल्यांदा फुलली ती याच बागेत, १९४० मध्ये, आणि तेव्हा लोक ती बघायला गर्दी करून आले होते. धुक्याची थंडी तिला आपल्या डोंगरासारखी वाटली असावी.

मी पाकळी उचलून वास घेतला. मंद, पण ओळखीचा. ताईलाही तसंच वाटलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय, आजीच्या गजऱ्याची आठवण दोघींनाही. मग मी तिथेच बाकावर बसून फोनवर शोधलं, आणि हे बघा: आपला सोनचाफा मॅग्नोलियाच आहे! शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. आधी त्याची प्रजाती वेगळी धरायचे, मिशेलिया म्हणायचे, नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला मॅग्नोलियातच घेतलं. चंपाका म्हणजे संस्कृतातला चंपक. वसईहून दादरच्या फूलबाजारात पहाटे जी पिवळी फुलं येतात, ती या ताटलीएवढ्या गुलाबी फुलाची सख्खी भावंडं. आणि हे घराणं इतकं जुनं की मधमाश्या जगात यायच्या आधीपासूनचं. त्यामुळे मॅग्नोलियाच्या फुलांचं परागीकरण आजही मुख्यतः भुंगेरे करतात.

आता खरी गंमत. देवळाबाहेर जो पांढरा चाफा असतो, ज्याला देवचाफाही म्हणतात, त्याचा सोनचाफ्याशी काडीचा संबंध नाही. तो प्लुमेरिया. आणि मूळचा कुठला? अमेरिका खंडातला. म्हणजे आपण देवाला वाहतो तो चाफा अमेरिका खंडातून आलेला आणि अमेरिकेत ज्याच्यासमोर माणसं गप्प होतात तो आपल्या हिमालयातला. मी हे जिजूंना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हिसा कोणी स्टँप केला?"

त्यामुळे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. बाहेरून आलेलं झाड म्हणजे वाईट, असं मी अजिबात म्हणत नाहीये. तसं म्हटलं तर आपल्या ताटातली मिरची, बटाटा, टोमॅटो सगळं उचलावं लागेल. माझा प्रश्न वेगळा होता. एवढं सगळं आणून लावलं, ते ज्याच्यावर लावलं, त्याचं काय झालं?

ब्लू हेरन लेक (जानेवारी २०२४ पर्यंत नाव होतं स्टो लेक), बायसनचं कुरण, हे सगळं पुढे भरभर झालं. बायसन इथे १८९० च्या दशकापासून आहेत. आपण राधानगरीच्या गव्याला बायसन म्हणतो तो वेगळा प्राणी, हे केसाळ अमेरिकन. ते बसले होते. बसूनच राहिले.

मग पवनचक्की, मग टूर संपली. गाइडने सेगवे वळवल्या. रस्त्यापलीकडे समुद्र दिसत होता, पण तिकडे टूर जात नाही. निसर्ग सफरीत वाळूला थांबा नव्हता. आम्ही सेगवे परत केल्या आणि गाडीने पुन्हा त्या टोकाला आलो. या वेळी पायी.

या वाळूवर एक फुलपाखरू होतं. झर्सीस ब्लू. आपल्या अंगठ्याच्या पेराएवढं, पंख वरून निळे, खालून पांढरे ठिपके. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या द्वीपकल्पावरच्या वाळूच्या टेकड्यांवरच सापडायचं, जगात दुसरीकडे नाही. त्याच्या अळ्या वाळूतल्या लुपिनसारख्या शेंगवर्गी झुडपांवर वाढायच्या. वाळूवर रस्ते, घरं, बागा चढत गेल्या आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शेवटचं दिसलं. शहर वाढल्यामुळे नामशेष झालेलं अमेरिकेतलं पहिलं फुलपाखरू म्हणून त्याची नोंद आहे. १९७१ मध्ये किड्यांच्या संवर्धनासाठी तिथे एक संस्था निघाली, तिने नावच त्याचं घेतलं: झर्सीस सोसायटी. काळ बघा. ज्या सुमारास बागेत हिमालयातली मॅग्नोलिया फुलली म्हणून लोक गर्दी करत होते, त्याच सुमारास काही किलोमीटरवर हे शेवटचं फुलपाखरू उडत होतं. त्याला बघायला कोण गेलं असेल?

एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी शहराच्या उत्तर टोकाच्या प्रेसिडिओ भागात, जिथे वाळूच्या टेकड्या आणि मूळची झुडपं पुन्हा वाढवली आहेत, तिथे झर्सीसचं जवळचं नातेवाईक, सिल्व्हरी ब्लू नावाचं फुलपाखरू दक्षिणेकडून आणून सोडलं. गेलेलं परत येत नाही. त्याचं काम दुसऱ्याने करावं, एवढीच अपेक्षा.

आणि वाळू? समुद्राला समांतर ग्रेट हायवे नावाचा रस्ता होता. त्यावर वारा इतकी वाळू आणून टाकायचा की वर्षात कित्येकदा रस्ता बंद करून ती उपसावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराने मतदान करून त्याचा सुमारे तीन किलोमीटरचा पट्टा गाड्यांना कायमचा बंद केला आणि १२ एप्रिल २०२५ ला तिथे सनसेट ड्यून्स नावाचं पार्क उघडलं. हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. जवळ राहणाऱ्या लोकांचा कामावर जायचा रस्ता गेला, ते चिडले, आणि ज्या नगरसेवकाने हा विषय पुढे नेला त्याला सप्टेंबर २०२५ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं. मला दोन्ही बाजू समजतात. रोज अर्धा तास जास्त गाडी चालवायला लागली तर मीही फुलपाखराचा विचार करणार नाही कदाचित. पण त्या रस्त्यावर उभी राहिले तेव्हा डांबराच्या कडेने वाळू हळूहळू आत येत होती, त्यात बारकी मुलं बसून खेळत होती, आणि मला त्या दिवसात पहिल्यांदा वाटलं की आता मी इथल्या मूळच्या निसर्गावर उभी आहे.

हे ऐकताना अलिबाग, काशीद, दिवेआगरवाल्यांना काही आठवलं का? सुरू! किनाऱ्यावरची ती सुरूची बनं, ज्यांच्या सावलीत आपण डबे उघडतो. तेही झाड आपल्या कोकणातलं नाही. १८६८ च्या सुमारास ते आधी कारवारला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, किनाऱ्याच्या वाळूत लावलं. म्हणजे हॉलच्या सर्व्हेच्या दोन वर्षं आधी. तिकडे सायप्रस, इकडे सुरू, डोक्यात विचार तोच: मोकळी वाळू म्हणजे वाया गेलेली जमीन.

पण कोकणात वाळू धरायचं काम करणारी वेल आधीपासून होती. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, वाळूवर पसरत जाणारी. तिचं नाव ऐका: मर्यादवेल. समुद्राने कुठवर यायचं ती मर्यादा दाखवणारी वेल. माझ्या आजोळच्या गावी लोक तिच्यावर गाड्या लावतात. आणि वेळास, आंजर्ले, दिवेआगर इथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते ती मोकळी वाळू शोधत. सुरूची रांग भरतीच्या रेषेला जितकी चिकटवाल, तितकी तिची जागा कमी. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन या कासवांचं काम केलंय. आमच्या टूरपेक्षा कितीतरी स्वस्तात तुम्हाला ती पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. सेगवे नाही, पण पहाटे उठावं लागतं.

सेगवे टूर करावी का, असं विचाराल तर करा. मजा येते. पाय धड नसतील तर मात्र नको, अडीच तास उभं राहणं सोपं नाही. बोटॅनिकल गार्डनला वेळ जास्त ठेवा, टूरमध्ये फार थोडा मिळतो. आणि टूर संपल्यावर रस्ता ओलांडून ओशन बीचवर जा. जुलै ते मे या काळात तिथे स्नोई प्लोव्हर असतात, आपल्या चिखल्या पक्ष्याच्या जातीतले, चिमणीएवढे, वाळूच्याच रंगाचे. १९९३ पासून अमेरिकेत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून ते वाळूतल्या माणसांच्या पावलांच्या खळग्यात बसतात. त्यामुळे चालताना जरा खाली बघा. मला दोन दिसले. दुसरा तर जिजूंच्या बुटाच्या ठशात बसला होता, ताईने फोटो काढलाय.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावच्या किनाऱ्यावर मर्यादवेल शिल्लक असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पत्त्यासकट. पावसाळ्याआधी मला तिथे यायचंय.